युरियाच्या नळीपासून सुरुवात : स्फटिकात द्रावक निवडून अडकवण्याचे पहिले प्रयोग

कपाशीला युरिया टाकताना तो पांढरा दाणा आपण फक्त नत्र म्हणून ओळखतो. शंभर किलोत ४६ किलो नत्र, एवढीच त्याची ओळख. पण हाच युरिया मिथेनॉलमध्ये विरघळवून त्यात लांब सरळ साखळीचं हायड्रोकार्बन सोडलं, की तो आपली नेहमीची रचना सोडून देतो, त्या साखळीभोवती षट्कोनी नळी उभारतो आणि तिला आत धरून ठेवतो. फांद्या फुटलेला रेणू दिला तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. खतातला एवढासा साधा रेणू ही निवड करतो, याचं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवढं आश्चर्य वाटलं तेवढंच आजही वाटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.चा छोटा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. महागडी यंत्रं नसतानाही यातलं बरंच काम करता येतं. उरलेल्या कामाला यंत्र लागतं. ते नेमकं कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं हे आधी कळलं, तर नमुना बाहेर पाठवायचे पैसे वाया जात नाहीत.

यजमान, पाहुणा आणि ओटा

ज्याच्या स्फटिकरचनेत दुसरा रेणू सामावतो तो यजमान, आणि सामावणारा तो पाहुणा. दोघांमध्ये नवा रासायनिक बंध होत नाही. स्फटिक विरघळवला की दोघंही होते तसे परत मिळतात. एच. एम. पॉवेल यांनी १९४८ मध्ये अशा स्फटिकांना ‘क्लॅथ्रेट’ हे नाव दिलं. जाळीच्या गजांवरून आलेला हा लॅटिन शब्द आहे. नाव पडण्याच्या कितीतरी आधी, १८९७ मध्ये, हॉफमन आणि क्युस्पर्ट यांनी निकेल सायनाइड, अमोनिया आणि बेंझिन यांचा असाच स्फटिक बनवला होता. त्यात बेंझिन बसतं, थायोफिन बसतं, पायरोलही बसतं. टोल्यूइन बसत नाही. एक मिथिल गट वाढला आणि दार बंद झालं.

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. त्याला वाटतं, यजमानाच्या घरात खोली आधीपासून रिकामी आहे आणि पाहुणा येऊन तिथे राहतो. काही पदार्थांत तसं असतंही. आपल्या जळगाव भागातल्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट सापडतात. ही झिओलाइट कुळातली खनिजं. झिओलाइटच्या जाळीत पाणी भरलेलं असतं आणि बेतानं तापवलं तर पाणी निघून गेल्यावरही जाळी बऱ्याच अंशी उभी राहते. तापवताना हे दगड उकळल्यासारखे दिसतात म्हणून क्रॉन्स्टेट यांनी १७५६ मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव दिलं.

युरियाची गोष्ट वेगळी. पाहुणा नसेल तर युरियाच्या स्फटिकात नळी नसतेच. तो चौकोनी घडणीत गच्च बसलेला असतो. पाहुणा आला तर आणि तरच षट्कोनी नळी होते, आणि पाहुणा निघून गेला की नळी कोसळून युरिया पुन्हा मूळ घडणीत जातो. बहुतेक सेंद्रिय यजमान याच जातीचे असतात. म्हणून ‘या यजमानात किती जागा आहे’ हा प्रश्न अर्धवट ठरतो. ‘या पाहुण्याबरोबर तो कशी जागा घडवतो’ असं विचारायला शिका.

आता ओट्याबद्दल. आपल्याकडे घरी आलेला प्रत्येक माणूस मुक्कामाला आलेला नसतो. कुणी ओट्यावर टेकतं, पाणी पितं आणि जातं. स्फटिकाचंही तसंच आहे. काही द्रावक (ज्यात पदार्थ विरघळवला तो द्रव) आत मुक्कामाला असतो आणि काही नुसता पृष्ठभागाला लागलेला, ओट्यावर बसलेला. तपासणीत दोघंही सारखेच दिसतात. मुक्कामी कोण आणि ओट्यावरचे कोण, हे वेगळं करता आलं तरच निवडीबद्दल काही बोलता येतं. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिला प्रयोग : युरिया आणि हेक्साडेकेन

प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया घ्या, शेतातल्या गोणीतला नको. गोणीतल्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्या तेलातली मुक्त मेदाम्लं स्वतःच लांब साखळीची असल्यामुळे नळीत शिरू शकतात. मग तुमचा पाहुणा कोणता, हेच कळणार नाही.

५ ग्रॅम युरिया ३० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये कोमट पाण्याच्या बाथवर विरघळवा. ज्वाला अजिबात नको. मिथेनॉल पेट घेतं आणि ते विषारीही आहे, म्हणून फ्यूम हूड, हातमोजे आणि चष्मा हे तिन्ही हवेत. दुसऱ्या भांड्यात १ ग्रॅम हेक्साडेकेन ५ मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा. हेक्साडेकेन सुमारे १८ अंशांना गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीत ते घट्ट दिसलं तर बिघडलं म्हणून टाकून देऊ नका, बाटली जरा कोमट पाण्यात धरा. दोन्ही द्रावणं कोमट असतानाच एकत्र करा, हलवा, झाकण लावा आणि हळूहळू थंड होऊ द्या. लांब चकचकीत सुया पडतील.

सुया दिसल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. नुसता युरियाही मिथेनॉलमधून सुयांसारखाच पडतो. म्हणून शेजारीच पाहुणा न घातलेला एक कोरा प्रयोग लावायचाच. मग दोन्हीकडच्या सुया वितळणबिंदूच्या यंत्रात शेजारी शेजारी ठेवून तापवा. कोरा युरिया १३३ अंशांच्या आसपास वितळेपर्यंत तसाच राहतो. पाहुणा असलेली सुई त्याआधीच पांढुरकी, दुधाळ होते, कारण नळी कोसळते आणि हेक्साडेकेन बाहेर येतं. भिंगातून ते बघायला विसरू नका.

खरा आनंद पुढे आहे. सुया गाळून घ्या, थोड्या थंड मिथेनॉलनं चटकन धुवा, फिल्टर पेपरमध्ये दाबून कोरड्या करा. मग परीक्षानळीत कोमट पाणी घेऊन त्यात टाका. युरिया पाण्यात भराभर विरघळतो आणि वर तेलाचा स्वच्छ थर तरंगायला लागतो. कोरड्या, कडक स्फटिकातून डोळ्यांदेखत तेल बाहेर येतं. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा स्वतःच्या हातानं करावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर ‘समावेशन संयुग’, म्हणजे यजमानात पाहुणा सामावलेला पदार्थ, हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आकडेमोडही करून बघा. युरियाच्या षट्कोनी रचनेत नळीच्या दिशेनं दर ११ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) ६ युरिया रेणू येतात. हेक्साडेकेनची सरळ साखळी सुमारे साडेबावीस अँगस्ट्रॉम लांब. म्हणजे एका पाहुण्यामागे ११ अँगस्ट्रॉमची दोन घरं आणि थोडं वर, जवळपास १२ युरिया रेणू. वजनात मांडलं तर १ ग्रॅम हेक्साडेकेनला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास युरिया लागतो. म्हणून आपण ५ ग्रॅम घेतला. लांबी वाढली की युरियाचे रेणूही त्याच प्रमाणात वाढतात. या संयुगात प्रमाण ठरतं ते पाहुण्याच्या लांबीवर.

आता निवड. तोच प्रयोग १ ग्रॅम हेक्साडेकेन आणि १ ग्रॅम आयसोऑक्टेन यांच्या मिश्रणावर करा. नळीची आतली रुंदी साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम. सरळ साखळी त्यात सहज जाते, आयसोऑक्टेनच्या फांद्या अडतात. सुया पाण्यात विरघळवून मिळालेलं तेल ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा. अपवर्तनांक मोजणारं हे यंत्र बहुतेक कॉलेजांत धूळ खात पडलेलं असतं. २० अंशांना हेक्साडेकेनचा अपवर्तनांक १.४३४ आणि आयसोऑक्टेनचा १.३९१. तापमान वाढलं की दोन्ही आकडे थोडे खाली येतात, म्हणून शुद्ध हेक्साडेकेनचा आकडाही त्याच वेळी, त्याच तापमानाला घ्यायचा. दोन्ही जुळले की युरियानं कुणाला घेतलं ते तुमच्या वहीत पुराव्यासकट येतं.

एफ. बेंगेन या जर्मन रसायनज्ञाच्या १९४० च्या कामातून हे सगळं उलगडत गेलं. दुधाच्या तपासणीत युरिया आणि ऑक्टिल अल्कोहोल एकत्र आले आणि नको असलेले स्फटिक पडले. त्यानं ते फेकून दिले नाहीत.

आपल्या भागासाठी याचा एक उपयोग इथेच सांगतो, कारण प्रकल्पाला तो छान शोभतो. सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं आणि पाव हिश्श्याच्या जवळपास पामिटिक. तेलाचं साबणीकरण करून मेदाम्लं मोकळी केली आणि युरियाच्या मिथेनॉलमधल्या द्रावणात घालून थंड केली, तर सरळ पामिटिक नळीत जातं. दोन ठिकाणी वाकलेलं लिनोलेइक द्रवात उरतं. एकच वाकण असलेलं ओलेइक अधलंमधलं वागतं, थोडं आत, थोडं बाहेर. सरकी आणि युरिया दोन्ही आपल्याकडे ओळखीचे, तरी हे दोन एका भांड्यात आणून बघणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

दुसरा प्रयोग : द्रावकच पाहुणा झाला तर

द्रावक स्वतःच पाहुणा असतो तेव्हा ओट्याचा घोळ सुरू होतो, कारण आत तोच आणि बाहेरही तोच. सरावासाठी हायड्रोक्विनोन घ्या. सहा-सहा हायड्रॉक्सिल गटांच्या कड्यांत हायड्रोजन बंध धरत हे रेणू जाळी विणतात, दोन जाळ्या एकमेकींत गुंततात आणि मध्ये छोटे पिंजरे तयार होतात. पिंजरा भरला तर दर तीन हायड्रोक्विनोनमागे एक पाहुणा. पॉवेल यांनी अभ्यासलेलं हेच संयुग. पिंजऱ्यात मिथेनॉल मावतं, इथेनॉल मावत नाही. हायड्रोक्विनोन त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतं, भुकटी उडू देऊ नका.

मिथेनॉलमधून स्फटिक पाडा आणि आधी कागदावर हिशेब करा. तीन हायड्रोक्विनोनचा रेणुभार ३३०, मिथेनॉलचा ३२. सगळे पिंजरे भरलेले असतील तर वजनात मिथेनॉलचा वाटा ८.८ टक्के. टीजीएमध्ये, म्हणजे तापवताना नमुन्याचं वजन किती घटतं ते मोजणाऱ्या यंत्रात, याहून जास्त घट दिसली तर एक तर ओटा ओला आहे, नाही तर हायड्रोक्विनोन स्वतःच उडायला लागलं आहे. कमी दिसली तर काही पिंजरे रिकामे आहेत किंवा सोबत साधं, पिंजरा नसलेलं हायड्रोक्विनोनही पडलं आहे. क्लॅथ्रेटमध्ये पिंजरे रिकामे राहणं नेहमीचंच, तो तुमच्या हाताचा दोष नाही.

प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे ओळखून मोजणारी तपासणी) करणार असाल तर हिशेब आणखी सोपा. तीन हायड्रोक्विनोनचे वलयावरचे १२ हायड्रोजन, मिथेनॉलच्या मिथिलचे ३. म्हणजे पूर्ण भरलेल्या स्फटिकात चारास एक. नमुना ड्यूटेरेटेड डीएमएसओ या एनएमआरच्या खास द्रावकात केला तर पाण्याचा संकेत ३.३३ पीपीएमला, मिथेनॉलच्या मिथिलच्या अगदी शेजारी येतो. क्षेत्रफळ मोजताना दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका.

स्फटिक कोरडे करणं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. माझं स्वतःचं एक सबंध सत्र इथेच वाया गेलं.

तेव्हा मी एका अवजड डायॉलवर (दोन हायड्रॉक्सिल गटांच्या यजमानावर) काम करत होतो. दोन द्रावकांच्या सारख्या मिश्रणातून स्फटिक पाडले, घाईत गाळले आणि नमुना एनएमआरला दिला. आकडा आला जवळपास ५५ ला ४५. यजमानाला काही पसंती नाही असं मी वहीत लिहूनही टाकलं. खरं तर त्याच तक्त्यात दुसरा आकडा ओरडून सांगत होता : एका यजमानामागे ५.६ पाहुणे. १ असता, २ असता, अर्धा असता तर समजलं असतं. ५.६ म्हणजे काय? ते जास्तीचे सगळे ओट्यावरचे होते. ओट्यावरचा द्रव म्हणजे मूळ मिश्रणच, सारखं वाटलेलं. त्यानं आतल्या निवडीचा आकडा स्वतःकडे ओढून घेतला होता. पुढच्या वर्षी तेच स्फटिक नीट कोरडे करून मोजले तेव्हा एकास एक प्रमाण आलं आणि पसंती ८० ला २० निघाली.

म्हणून क्रम असा ठेवा. बुखनर फनेलवर गाळून पंप थोडाच वेळ चालू ठेवा. जास्त वेळ ओढलात तर सैल धरलेला पाहुणाही निघून जातो. मग अगदी थंड पेट्रोलियम ईथरनं दोनदा थोडं थोडं धुवा, पण ते ईथर स्वतः त्या यजमानाचा पाहुणा होत नाही याची खात्री आधी वेगळ्या प्रयोगात करून घ्या. त्यानंतर स्फटिक दोन फिल्टर पेपरांत ठेवून बोटानं हलकेच दाबा, कागद बदला, पुन्हा दाबा. कागदावर ओलसर डाग उमटेनासा झाला की थांबा. स्फटिक कुटू नका. कुटल्यानं पृष्ठभाग वाढतो आणि पाहुण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात.

टीजीएचा आलेख या बाबतीत फार प्रामाणिक असतो. ओट्यावरचा द्रावक तापवायला सुरुवात केल्यापासूनच रेंगाळत, उतरत्या रेषेनं जातो. मुक्कामी पाहुणा ठरावीक तापमान येईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम पायरी उतरल्यासारखा जातो. ती पायरी सुरू होण्याचं तापमान आणि द्रावकाचा उत्कलनबिंदू शेजारी लिहून ठेवा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. ते स्फटिकातून ९५ ला निघायला लागलं तर त्याला घट्ट धरलेलं आहे. चाळिशीतच निघालं तर पकड ढिली आहे.

तिसरी पायरी : दोघांना एकदम बोलवा

पसंती कळायला दोन पाहुणे एकाच वेळी समोर ठेवावे लागतात. दोन्ही द्रावक मोलच्या हिशेबानं सारखे घ्या, मिलिलिटरच्या नव्हे. आणि यजमानाच्या मानानं भरपूर घ्या, यजमान १ मोल तर प्रत्येक द्रावक निदान २० मोल. आवडता पाहुणा आत गेल्यानं बाहेरच्या द्रवातलं त्याचं प्रमाण कमी झालं, तर निवड कशाच्या तुलनेत मोजायची हेच हातून निसटतं.

मोजमाप एका साध्या भागाकारात बसतं. स्फटिकातलं ‘अ’ आणि ‘ब’ यांचं गुणोत्तर घ्या आणि त्याला द्रवातल्या गुणोत्तरानं भागा. द्रवात ५० ला ५० आणि स्फटिकात ८० ला २०, तर उत्तर ४. त्याला निवड-गुणांक म्हणू. १ आला तर पसंती नाही. मग द्रवात २० ला ८०, ४० ला ६०, ६० ला ४०, ८० ला २० अशी मिश्रणं करून पुन्हा पुन्हा मोजा. गुणांक तोच राहिला तर निवड सरळ आहे. पण कधीकधी ‘अ’ थोडा असेपर्यंत यजमान त्याच्याकडे पाहतही नाही, आणि ठरावीक प्रमाण ओलांडलं की एकदम त्यालाच घेतो. अशा वेळी स्फटिकाची घडणच बदललेली असण्याची दाट शक्यता असते. दोन्ही बाजूंचे नमुने पावडर क्ष-किरण विवर्तनाला द्या, कारण प्रकल्पात लिहिण्यासारखी गोष्ट तिथेच सापडते.

४ चा गुणांक छोटा वाटतो ना? मिळालेल्या स्फटिकातले पाहुणे बाहेर काढा आणि त्यांच्यापासून पुन्हा स्फटिक पाडा. पहिल्या फेरीत ८० टक्के, दुसरीत ९४, तिसरीत ९८ च्या वर. पॅरा आणि मेटा झायलिन (सूत्र एकच, फक्त मिथिल गटांच्या जागा वेगळ्या) यांचे उत्कलनबिंदू १३८.४ आणि १३९.१, ऊर्ध्वपातनानं त्यांना वेगळं करणं महाकठीण. १९५७ मध्ये निकेल थायोसायनेट आणि ४-मिथिलपिरिडिन यांच्या संकुलानं पॅरा झायलिन निवडून अडकवता येतं हे दाखवलं गेलं, तेव्हा या विषयाकडे उद्योगांचंही लक्ष गेलं. झायलिनवर काम करणार असाल तर एक सूचना : पॅरा, मेटा आणि ऑर्थो या तिन्ही समघटकांचे मिथिल संकेत एनएमआरमध्ये एकमेकांवर चढतात. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफी वापरा.

बेंझिन मात्र घेऊ नका. जुन्या पुस्तकांत प्रत्येक पानावर ते असतं, पण ते कर्करोगकारक आहे.

आपला उन्हाळा

परदेशी प्रयोगकृतीत ‘खोलीच्या तापमानाला उघडं ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ती खोली भुसावळची नसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं, डायएथिल ईथर ३४.६ ला. म्हणजे टेबलावर ठेवल्या ठेवल्या ते उकळायच्या बेतात असतात. पण खरी अडचण वेगळीच आहे. दोन द्रावकांचं मिश्रण उघडं ठेवलं तर जास्त उडणारा आधी निघून जातो आणि तुम्ही मोजून केलेलं ५० ला ५० तासाभरात ३० ला ७० होतं. त्यातून पडलेल्या स्फटिकाचा गुणांक खोटा. शिवाय घाईत पडलेला स्फटिक निवडही घाईत करतो.

म्हणून स्पर्धेच्या प्रयोगात बाष्पीभवन नको. झाकणाच्या व्हायलमध्ये कोमट करून विरघळवा, घट्ट बंद करा आणि कोमट पाणी भरलेल्या थर्मासच्या पिंपात व्हायल उभी ठेवा. रात्रभरात पाणी सावकाश निवतं आणि स्फटिकही सावकाश वाढतात. वीज गेली तरी या पद्धतीला काही होत नाही, हा मोठा फायदा. ईथरमध्ये होणारी ग्रिन्यार अभिक्रिया करून यजमान बनवायचा असेल तर ती डिसेंबर-जानेवारीत उरका. टॅडॉल या नावानं ओळखले जाणारे यजमान टार्टारिक आम्लापासून, म्हणजे चिंचेतल्याच आम्लापासून असे बनवतात. अवजड फेनिल गट आणि बाहेर डोकावणारे हायड्रॉक्सिल गट यामुळे त्यांना आपापसात गच्च बसता येत नाही, आणि ज्याला एकट्यानं नीट बसता येत नाही तो चांगला यजमान होतो. नवा यजमान निवडताना हीच खूण शोधा.

पावसाळ्यात दुसरा त्रास असतो, पाण्याचा. बाटलीतल्या द्रावकात ओल असते आणि कित्येक यजमानांना पाणी इतर कुणाहूनही प्रिय असतं. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हचे मणी ३०० अंशांच्या भट्टीत काही तास तापवून, थंड करून द्रावकात टाकून ठेवा. हे मणीही झिओलाइटच : पाण्याचा रेणू आत घेतात, मोठ्यांना बाहेर ठेवतात.

कारण शोधणं आणि नमुना पाठवणं

अमुक द्रावक का निवडला गेला, हे शेवटी एकल स्फटिकाच्या क्ष-किरण रचनेतूनच कळतं. ती हातात आली की तीन गोष्टी बघा. पाहुणा हायड्रोजन बंधानं धरला आहे की नुसता जागेत बसला आहे? त्याच्याभोवती मोकळी जागा उरली आहे का? आणि नावडत्या पाहुण्याबरोबर यजमानाची घडण तीच राहिली की बदलली? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. त्यासाठी दोन्ही पाहुण्यांबरोबरच्या वेगवेगळ्या रचना लागतात. एकाच रचनेवरून कारण सांगू नका.

औषध कंपनीत जाणाऱ्यांना हे सगळं रोजच्या कामात भेटेल. गोळीच्या मूळ औषधात टोल्यूइनची आंतरराष्ट्रीय मर्यादा दशलक्षात ८९० भाग, मिथेनॉलची ३०००. कितीही वाळवलं तरी द्रावक उतरत नसेल, तर तो ओट्यावर नसून मुक्कामी असू शकतो. मग ड्रायरचे तास वाढवण्याऐवजी स्फटिक पाडायचा द्रावक बदलायचा विचार करावा लागतो.

एकल स्फटिक पाठवताना तो कोरडा करू नका, त्याच्याच मूळ द्रवात बुडवून पाठवा. टीजीए किंवा एनएमआरचा नमुना मात्र कोरडा, छोट्या व्हायलमध्ये गळ्यापर्यंत भरून, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळून. मोठ्या बाटलीत चिमूटभर नमुना ठेवला तर उरलेल्या हवेत पाहुणा निघून जातो. उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलनं पाठवणार असाल तर थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घाला आणि रात्रीची गाडी धरा. पाठवण्याआधी थोडा नमुना स्वतःकडे ठेवून त्याचं वजन करा, आणि अहवाल येईल त्या दिवशी ते वजन पुन्हा करून बघा.